घर तुमचं, पण खालची जमीन कुणाची? लँडफॉल नावाच्या शहराविषयी

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मिनेसोटात, सेंट पॉलजवळच्या वुडबरीत राहतो, थ्रीएम कंपनीत नोकरी. रोज आय-९४ महामार्गावरून जाताना टॅनर्स लेकच्या काठी दाटीवाटीने उभी असलेली लांबट घरं दिसतात. नकाशात बघितलं तर तो भाग शेजारच्या ओकडेल शहरात मोडतच नाही, 'लँडफॉल' नावाचं वेगळं शहर आहे म्हणे. हे खरंच शहर आहे का? की झोपडपट्टीच म्हणायची? आणि एका बऱ्या गाडीच्या किमतीत तिथे घर मिळतं असं ऐकलंय. एखादं घेऊन भाड्याने दिलं तर?"

आधी उत्तरं सांगतो, मग कारणं. शहर आहे, अगदी कायदेशीर. झोपडपट्टी नाही. आणि भाड्याने द्यायला म्हणून घेऊ नका.

गेली बावीस वर्षं मी मिनेसोटात ही कारखान्यात बांधलेली घरं बसवण्याचं आणि तपासण्याचं काम करतो. पहिली बारा वर्षं घराखाली पोटावर सरपटण्यात गेली. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर फक्त तपासणी करतो, पण अजूनही कुणी घर दाखवलं की मी आत जायच्या आधी खाली वाकून बघतो. बायको म्हणते, लग्नाच्या वाढदिवसाला गेलो तरी तुमचं डोकं हॉटेलच्या पायरीखाली.

पहिल्यांदा शब्दांचा घोळ सोडवू. ट्रेलर, मोबाइल होम आणि मॅन्युफॅक्चर्ड होम हे तीन शब्द लोक एकच समजून वापरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई होती, तेव्हा गाडीला जोडून ओढायच्या आठ फूट रुंद ट्रेलरमध्ये लोक कायमचे राहू लागले. पन्नाशीच्या दशकात शेजारच्या विस्कॉन्सिनात, मार्शफील्ड गावच्या एल्मर फ्रे यांच्या कंपनीने दहा फूट रुंद घर आणलं. दिसायला दोनच फुटांचा फरक, पण त्या दोन फुटांनी घरात एका बाजूने जायला बोळ मिळाला. म्हणजे मागच्या खोलीत जायला मधल्या झोपायच्या खोलीतून जायची गरज उरली नाही. ज्याने दादर-परळच्या चाळीत आडव्या डब्यासारख्या दोन खोल्यांत दिवस काढलेत त्याला या बोळाची किंमत कळेल. तिथून पुढे हे घर 'प्रवासाचं' राहिलं नाही. एकदा कारखान्यातून निघालं, जागेवर बसलं, की सहसा तिथेच आयुष्य काढतं. चाकं नावापुरती.

मग १९७४ मध्ये अमेरिकन संसदेने या घरांच्या बांधणीसाठी देशभर एकच नियमावली करायचा कायदा केला, आणि १५ जून १९७६ पासून ती लागू झाली. ही तारीख लक्षात ठेवा, कारण आमच्या धंद्यात घरांचे दोनच जन्म असतात: त्या दिवसाआधीचा (मोबाइल होम) आणि नंतरचा (मॅन्युफॅक्चर्ड होम). त्यानंतर बनलेल्या घराच्या प्रत्येक भागावर, मागच्या टोकाला बाहेरून, एक छोटी लाल धातूची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. शिवाय आत एक छापील कागद चिकटवलेला असतो, बहुधा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, नाहीतर विजेच्या पॅनलजवळ, नाहीतर कपड्यांच्या कपाटात. त्यावर कारखान्याचं नाव, बांधल्याची तारीख, आणि छत किती बर्फाचा भार व भिंती किती वाऱ्याचा जोर सोसू शकतील त्याचे नकाशे असतात. घर बघायला गेलात की मालक सोफ्यावर बसवून कॉफी देईल. कॉफी घ्या, पण आधी सिंकखालचं दार उघडून तो कागद शोधा. तो नसेल आणि लाल पट्टीही नसेल, तर घर बहुधा १९७६ च्या आधीचं आहे किंवा कुणीतरी पत्रा बदलताना पट्टी काढून फेकून दिली. दोन्ही बाबतीत कर्ज देणारा आणि विमा उतरवणारा हात आखडता घेणार.

आता शहराचं बघू. पन्नाशीच्या दशकात ओल्सन नावाच्या कुटुंबाने तळ्याकाठी हा ट्रेलर पार्क, म्हणजे अशी घरं ओळीने बसवायची जागा, उभा केला, आणि १९५९ मध्ये त्याला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. सरकारी नाव आजही 'लँडफॉल व्हिलेज'. २०२० च्या जनगणनेत ८४३ माणसं. घरं सुमारे तीनशे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला निवांत दहा मिनिटं लागतात. आपल्याकडे एवढ्या वस्तीला सात सदस्यांची ग्रामपंचायत असती. इथे नगराध्यक्ष आहे, कौन्सिल आहे, सभांचं इतिवृत्त आहे, आणि घरपट्टीपासून रस्त्यावरचं बर्फ काढण्यापर्यंतची सगळी डोकेदुखी आहे.

असं हे एकटंच नाही. मिनिॲपोलिसजवळ सेंट्रल ॲव्हेन्यूवर, कोलंबिया हाइट्स या शहराच्या बरोबर पोटात, 'हिलटॉप' नावाचं सुमारे ८० एकरांचं शहर आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेलं, चहूबाजूंनी कोलंबिया हाइट्सने वेढलेलं, २०२० च्या जनगणनेत ९५८ लोकवस्तीचं. तिथेही बहुतेक वस्ती अशाच घरांची.

एवढ्याशा वस्तीने शहर होण्याचा खटाटोप का करायचा, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर झोनिंगमध्ये आहे. अमेरिकेत कुठल्या जमिनीवर काय उभं राहील हे ती नगरपालिका ठरवते, आणि ट्रेलर पार्क आपल्या हद्दीत हवा असं म्हणणारी नगरपालिका मी अजून पाहिलेली नाही. नवीन पार्कला परवानगी नाही, जुन्यात रिकाम्या जागेवर नवीन घर आणायला आडकाठी, रस्त्याचं रुंदीकरण नेमकं तिथूनच. स्वतःचं शहर असलं की ही आडकाठी घालणारा हात आपलाच असतो. म्हणजे निदान शेजाऱ्याचा नसतो.

पण झोनिंग हातात आलं म्हणून जमीन हातात येत नाही. या सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तरही.

या घरांचा सर्वसाधारण व्यवहार असा असतो: घर तुमचं, खालची जमीन पार्कमालकाची. तुम्ही जागेचं महिन्याला भाडं देता, त्याला 'लॉट रेंट' म्हणतात. पागडीच्या खोलीत वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटेल. पागडीत भाडं कायद्याने गोठलेलं, त्यामुळे मालक इमारतीला हात लावत नाही आणि ती कुजते. इथे घराची डागडुजी तुमच्या माथी, आणि भाडं मात्र वाढत राहतं. मिनेसोटाचा कायदा एवढंच म्हणतो, की वाढीची नोटीस ६० दिवस आधी द्या आणि बारा महिन्यांत दोनापेक्षा जास्त वेळा वाढवू नका. किती वाढवायचं, यावर ठरावीक टक्क्यांची मर्यादा नाही. यावर भाडेकरूचं एकच हत्यार असायला हवं: दुसरीकडे जाणं. पण घर हलवायचं तर परवाने, ओढणारा ट्रक, पायऱ्या-ओटा-स्कर्टिंग उखडणं, नवीन जागी पुन्हा बसवणं यात हजारो डॉलर जातात. जुनं घर तर वाटेतच दुमडेल. आणि जुनं घर घ्यायला तयार असलेला दुसरा पार्क शोधून सापडत नाही. त्याला 'मोबाइल' म्हणण्यातला विनोद भाडेवाढीची नोटीस हातात पडल्यावर कळतो.

याचं टोक लोकांनी इथेच जवळ पाहिलंय. सेंट अँथनीमध्ये लाउरी ग्रोव्ह नावाचा जुना पार्क होता. २०१६ मध्ये मालकाने तो एका बिल्डरला विकला. रहिवाशांनी कायद्यात असलेला हक्क वापरून एका विनानफा संस्थेच्या मदतीने तेवढीच किंमत पुढे केली. मालकाने ती मानली नाही, प्रकरण कोर्टात गेलं, रहिवासी हरले, आणि जून २०१७ अखेर पार्क बंद झाला. बहुतेक घरं हलवण्याजोगी नव्हती. मी त्या उन्हाळ्यात तिथे दोन घरं बघायला गेलो होतो, हलतील का एवढंच सांगायला. एका घराच्या मालकिणीने माझ्यासमोर पेपर टॉवेलवर हिशेब मांडला: छप्पर नवीन केलं त्याचे एवढे, खिडक्यांचे एवढे, घर तापवायची भट्टी बदलली तिचे एवढे. बेरीज करून तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी खाली जाऊन आलो होतो. पोलादी चौकटीच्या दोन तुळया मध्येच गंजून पापडासारख्या झालेल्या होत्या, बोट घातलं तर आरपार. नवीन छप्पर त्या तुळयांवर उभं होतं. मी 'नाही' म्हणालो. तो कागद मी तिला परत दिला की खिशात घातला, आता आठवत नाही.

आता लँडफॉलकडे या. नव्वदीच्या सुरुवातीला ओल्सन कुटुंबाने जमीन विकायला काढली. तळ्याचा काठ, फ्रीवेला चिकटून, सेंट पॉल दहा मिनिटांवर. त्या जमिनीवर काय उभं राहिलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. पण लँडफॉल शहर होतं, आणि शहराला स्वतःचं गृहनिर्माण प्राधिकरण नेमता येतं, सार्वजनिक पैशाची जुळणी करता येते. १९९१ मध्ये शहराच्या त्या प्राधिकरणाने पार्कची जमीन विकत घेतली. तेव्हापासून इथला जमीनमालक म्हणजे शहरच. लॉट रेंट शहराकडे जातो, आणि तो ठरवणाऱ्या माणसांना रहिवासी मत देतात. भाडं वाढत नाही असं नाही, नळाची लाइन जुनी झाली की पैसा कुठून तरी यायलाच हवा. पण जमीन एका रात्रीत कुणा गुंतवणूक कंपनीच्या नावावर जाण्याची धास्ती इथे नाही. अर्थात नुसता शहराचा दर्जा पुरत नाही. तो वेळेवर वापरावा लागतो.

तिसरा मार्ग फ्लोरिडात दिसतो. पाम बीच काउंटीत ब्रायनी ब्रीझेस नावाचं गाव आहे, समुद्र आणि आतला जलमार्ग यांच्यामध्ये ४३ एकरांत ४८८ घरं. तिथल्या रहिवाशांनी १९५८ मध्ये वर्गणी करून जमीन घेतली आणि १९६३ मध्ये गाव स्थापन केलं. ते भाडेकरू नव्हेत, कंपनीचे भागधारक. २००७ मध्ये एका बिल्डरची ५१ कोटी डॉलरची बोली त्यांच्यापुढे मतदानाला आली. घरटी सरासरी दहा लाख डॉलरहून जास्त. लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला, आणि काही महिन्यांत तो व्यवहारच फिसकटला. माझा एक सहकारी म्हणतो, ही अमेरिकेतली सगळ्यात महागडी वाया गेलेली सोसायटी मीटिंग. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: पैसे मिळणार होते ते रहिवाशांना. लाउरी ग्रोव्हमध्ये जमिनीची किंमत मालकाला मिळाली, छपराची कुणालाच नाही. सर्वसामान्य माणसाला परवडणारी याची आवृत्ती म्हणजे रहिवाशांची सहकारी संस्था. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ पासून हे सुरू आहे, मिनेसोटात २००४ मध्ये कॅनन फॉल्समध्ये पहिली अशी संस्था झाली. मुंबईत बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावे करून घ्यायला, कन्व्हेयन्ससाठी, वर्षानुवर्षं चपला झिजवलेल्या कुणालाही यात नवीन काही वाटणार नाही.

तेव्हा कुठल्याही पार्कात घर बघायला गेलात तर पहिला प्रश्न किमतीचा नको. जमीन कुणाच्या नावावर आहे, गेल्या पाच वर्षांत लॉट रेंट किती वेळा, किती वाढला, हे विचारा. त्यामागे साधं गणित आहे. समजा घेणाऱ्याला ९ टक्क्यांनी १५ वर्षांचं कर्ज मिळतंय. महिन्याचे १०० डॉलर म्हणजे तेवढ्या काळात साधारण ९,८५० डॉलरच्या कर्जाचा हप्ता. म्हणजे मालकाने लॉट रेंट १०० डॉलरने वाढवला की पुढच्या गिऱ्हाइकाची ऐपत तेवढ्याने उतरते, आणि तुमच्या घराची किंमतही. तुम्ही स्वयंपाकघराला नवीन फरशी घाला, नवा ओटा करा, त्या एका नोटिशीने ते सगळं पुसलं जातं. माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी घराची किंमत 'गाडीसारखी घटते' म्हणून घरालाच दोष दिला. बऱ्याचदा घर ठीक होतं, जमिनीने खाल्लं.

कर्जाचंही तेच. भाड्याच्या जमिनीवरच्या घराचं मिनेसोटात गाडीसारखं टायटल (मालकीचा दाखला) असतं, राज्याच्या वाहन नोंदणी विभागातून निघतं. त्यामुळे बहुतेक वेळा घर-कर्ज मिळत नाही, वस्तूच्या तारणावरचं कर्ज मिळतं: व्याज जास्त, मुदत कमी. घरपट्टी वेगळी, तीही जंगम मालमत्ता म्हणून येते. जुन्या मालकाने ती थकवली असेल तर टायटल नावावर करताना दम निघतो. टायटल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. 'चुलतभावाच्या नावावर आहे, तो टेक्ससला असतो' ही गोष्ट मी एवढ्या वेळा ऐकलीय की आता त्या चुलतभावाला एकदा भेटायची इच्छा आहे.

आता घराखाली चला. ही माझी जागा.

हे घर जमिनीत रोवलेलं नसतं. खाली लांबीभर दोन पोलादी तुळया असतात, त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या रांगांवर टेकलेल्या, आणि ठोकळा व तुळई यांच्यामध्ये लाकडी पाचरी मारलेल्या. आजूबाजूला जमिनीत पिळून बसवलेले अँकर आणि त्यांना ताणलेल्या पोलादी पट्ट्या, वाऱ्यात घर उचललं जाऊ नये म्हणून. भोवती शोभेला आणि वारा अडवायला स्कर्टिंग. मिनिॲपोलिस-सेंट पॉलच्या भागात बांधकामाचा नियम हिवाळ्यात जमीन ४२ इंच खोल गोठते असं धरतो. गोठलेली ओली माती फुगते, ठोकळे वर उचलते, एप्रिलमध्ये पुन्हा खाली सोडते, पण सगळीकडे सारखी नाही. म्हणून दर दोन-चार वर्षांनी घराची पातळी पुन्हा करावी लागते. आम्ही पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, आपल्याकडचे गवंडी वापरतात तीच. लेझर आलेत, पण घराखालच्या धुळीत आणि अंधारात नळी खोटं बोलत नाही. दोन भागांचं जोडघर असेल तर मधल्या सांध्यावर बारीक लक्ष ठेवा. त्या सांध्याला इथल्या भाषेत 'मॅरेज लाइन' म्हणतात. छतावर त्या रेषेत भेग दिसली की खालचा आधार एका बाजूने खचलाय. नुसता रंग मारून ती बुजवलेली असेल तर जास्तच संशय घ्या.

पाण्याचा नळ जमिनीतून वर येऊन घरात शिरतो तिथला दोन-तीन फुटांचा तुकडा उघड्यावर असतो. त्याला विजेची तापपट्टी गुंडाळलेली असते, हीट टेप. मिनेसोटातला हिवाळा त्या पट्टीच्या प्लगवर टांगलेला असतो. ३० जानेवारी २०१९ ची पहाट मला आठवते. विमानतळावर उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसची नोंद झाली होती. एका आजींचा फोन, नळ बंद. मी स्कर्टिंगची एक फळी काढून आत शिरलो. श्वासाची वाफ भुवयांवर गोठत होती. तापपट्टी नवीन होती, नामांकित होती, व्यवस्थित गुंडाळलेली होती. फक्त घराखालच्या सॉकेटचं सुरक्षा बटण पडलेलं होतं, कारण स्कर्टिंगच्या फटीतून आलेलं बर्फ सॉकेटवर वितळून परत गोठलं होतं. बटण दाबलं, सॉकेट कोरडं केलं, केस वाळवायचं यंत्र लावून तास-दीड तास पडून राहिलो. आजी वरून दर पंधरा मिनिटांनी जमिनीवर काठी आपटून मी जिवंत आहे का विचारत होत्या. मी खालून पान्हा आपटून हो म्हणत होतो. कुणी अशा वेळी गॅसची ज्योत घेऊन खाली जातं, आणि घर जळून जातं. तापपट्टी स्वतःवरच दुमडून गुंडाळली तरी आग लागते. तेव्हा घर घेतलंत तर ऑक्टोबरमध्ये दोन गोष्टी: सॉकेटला रात्रीचा छोटा दिवा लावून बघा, आणि स्कर्टिंगची एकही फळी सुटलेली राहू देऊ नका.

दुसरा जुना आजार म्हणजे राखाडी प्लॅस्टिकचे पाइप. १९७८ ते १९९५ दरम्यान पॉलिब्युटिलीन नावाचे पाइप सर्रास घातले गेले, ते सांध्यात फुटतात. सिंकखाली राखाडी मऊ पाइप दिसला तर सगळी लाइन बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. घराच्या पोटाला खालून काळं कापड शिवलेलं असतं, त्यात इन्सुलेशन भरलेलं. ते कुठे लोंबत असेल तर आत पाणी साचलंय किंवा उंदरांनी संसार थाटलाय. बहुधा दोन्ही.

वादळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. ६ मे १९६५ च्या संध्याकाळी मिनिॲपोलिसच्या परिसरात एकामागून एक टॉर्नेडो उतरले, हिलटॉपच्या शेजारचं फ्रिडली एकाच संध्याकाळी दोनदा झोडपलं गेलं. या घरांची मिनेसोटासाठीची वाऱ्याची मर्यादा देशातली सर्वांत खालची, साधारण ताशी ७० मैल. फ्लोरिडात १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर, १९९४ पासून, नियम कडक झाले. इथे ते तसेच आहेत, कारण इथे समुद्री वादळ येत नाही. टॉर्नेडोपुढे मात्र पट्ट्या-अँकर कितीही चांगले असोत, माणसाने घरात थांबायचं नसतं. म्हणून मिनेसोटाच्या कायद्यात १ मार्च १९८८ नंतर परवाना मिळालेल्या, दहा किंवा जास्त घरांच्या पार्कला वादळ-निवारा बांधणं सक्तीचं आहे. जुन्यांना निवारा तरी हवा किंवा लोकांना सुरक्षित जागी नेण्याची मंजूर योजना तरी. घर घेण्याआधी विचारा: भोंगा वाजला तर मी नेमकं कुठे पळायचं, आणि त्या दाराची किल्ली रात्री दोन वाजता कुणाकडे असते? मी एकदा एका पार्कात हा प्रश्न विचारला तेव्हा व्यवस्थापकाने किल्ली शोधायला वीस मिनिटं घेतली. टॉर्नेडो एवढा वेळ थांबत नाही.

आता तुमचा भाड्याचा बेत. बहुतेक पार्कांच्या करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असते किंवा कडक अटी असतात. घर पार्कमध्येच विकायचा हक्क कायद्याने घरमालकाला आहे, पण घेणाऱ्याची पात्रता पार्क तपासू शकतो. लँडफॉलमध्ये तर जमिनीचा मालक म्हणजे शहर, आणि त्याने ती जमीन घेतली ती तिथे राहणाऱ्यांनी राहावं म्हणून. तुमच्या भाडेकरूकडून तुम्ही घ्याल ते भाडं वजा लॉट रेंट, वजा पाइप, वजा पातळी, वजा हिवाळ्यातल्या रात्रीचे माझ्यासारख्याचे पैसे, हा हिशेब मी दोन मित्रांना कागदावर मांडून दिलाय. एकाने ऐकलं. दुसरा अजून मला गणपतीच्या जेवणात टाळतो.

पण राहायला म्हणून कुणी विचारलं तर मी लगेच नाही म्हणत नाही. रोख पैशात किंवा थोड्या कर्जात, १९७६ नंतरचं, शक्यतो १९९५ नंतरचं घर, जमीन शहराची किंवा रहिवाशांच्या संस्थेची, आणि निदान सात-आठ वर्षं राहायचा इरादा, असं असेल तर मिनिॲपोलिस-सेंट पॉलच्या भागात स्वतःचं दार, स्वतःची भिंत, गाडी लावायला जागा आणि चार फूट अंगण यासाठी एवढे कमी पैसे दुसरीकडे कुठे पडत नाहीत. लँडफॉलच्या रहिवाशांना तर तळ्याचा काठही आहे. तुम्ही 'झोपडपट्टी' म्हणालात ते फ्रीवेवरून, ताशी साठ मैलांनी. एकदा शनिवारी गाडी बाहेर लावून आत चालत जा. टोमॅटोची रोपं, सायकली, कुणीतरी ओट्याला रंग देतोय, मेक्सिकन संगीत. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील यापेक्षा लहान जागेत सहा-सात जण राहून आपल्याला इंजिनिअर करून इथे पाठवून बसलेत.

जायचंच तर एप्रिलच्या शेवटी जा, जमीन नुकती सुटलेली असते तेव्हा. उन्हाळ्यात सगळी घरं सरळ दिसतात. आतली सगळी दारं अर्धी उघडून सोडून द्या आणि बघा कोणतं आपणहून मिटतं. मग खिशातून एक गोटी काढून स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवा. ती जिकडे घरंगळत जाईल त्या कोपऱ्याखालची पाचर आधी बघायची.